मे महिन्यातला इसार

वर्ध्याचा पारा पंचेचाळिशीला टेकला की आमच्या सिंदी मेघेत दोन गोष्टी हमखास होतात. कूलरच्या ताट्या बदलल्या जातात आणि नुकतंच कुणीतरी निवृत्त झालेलं चिखलदऱ्यात प्लॉट बघून येतं.

ताट्या पुढच्या वर्षी फेकून देता येतात.

हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे. तीस-पस्तीस वर्षं शाळेत, बँकेत नाहीतर जिल्हा परिषदेत काढली. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरात. ग्रॅच्युइटी नुकतीच खात्यात पडलेली. संध्याकाळी अंगणात पाणी मारून खुर्च्या टाकल्या की तो म्हणतो, ‘‘काय ठेवलं बा आता इथं? वर जाऊन राहू, थंड हवेत.’’ माना डोलतात. नवतपा लागायच्या आत इसार देऊन मोकळा.

एवढा मोठा निर्णय, आणि तो नऊ-दहा दिवसांच्या घामावर?

चिखलदऱ्याशी माझं भांडण नाही. विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण. गाविलगडासारखा किल्ला. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकला, म्हणून कीचकदरा, अशी दंतकथा. इथे कॉफीसुद्धा पिकते. या डोंगरावर मी लहानपणापासून जातोय आणि घाट चढून पहिला गार झोत अंगावर आला की आजही गाडी थांबवतो. माझं भांडण आहे ते त्या झोतात सही करण्याशी.

आधी थंडीचाच हिशेब करू. वर्धा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आत. चिखलदरा अकराशेच्या जरा वर. फरक साडेआठशे-नऊशे मीटर. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे आपल्याला मिळाले साडेपाच-सहा अंश. इथे पंचेचाळीस, तर तिथे हिशेबाने एकोणचाळीसच्या पुढे.

दुपारी पंखा तिथेही लागतो.

रात्र गार असते, हे खरं. पण रात्रीच्या गारव्यासाठी आयुष्याची पुंजी?

आता पावसाळा. प्लॉट बघायला कुणी ऑगस्टमध्ये जात नाही, कारण ऑगस्टमध्ये प्लॉट दिसतच नाही. धुकं दारातून आत येतं आणि पलंगावर बसतं. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी तिथे खोली घेऊन एक पावसाळा काढून बघितला. मी त्यांच्याकडे दोन रात्री राहिलो. दोरीवरचा त्यांचा टॉवेल चौथ्या दिवशीही ओलाच होता आणि त्याला कुबट वास येत होता. बरणीतल्या मिठाचं पाणी झालेलं. काडेपेटीच्या सात काड्या घासल्या, आठवी पेटली. बूट पलंगाखालून काढले तर त्यांच्यावर पांढरी बुरशी.

मास्तरांचे गुडघे तर विचारूच नका.

पोळ्याला ते परत आले. इथल्या उन्हात पाठ शेकत बसले आणि म्हणाले, ‘‘हाडं वाळली.’’

एवढा पाऊस पडतो, मग पाणी मुबलक असेल ना? नाही. काळा कातळ आणि उतार. पडलेलं पाणी थांबत नाही, धावत खाली जातं. चिखलदरा तालुक्यातल्या काही गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. बायका हंडे घेऊन टँकरमागे धावतात, ही दृश्यं आपण दरवर्षी पेपरात बघतो. त्याच तालुक्यात तुमच्या बंगल्याच्या गच्चीवरची टाकी कोण भरणार? आणि भरली, तर ते पाणी कुणाच्या वाट्याचं असणार?

आता जमिनीकडे या. एजंट सांगतो, ‘‘कागदाचं टेन्शन घेऊ नका, सगळं मी करून देतो.’’ हे वाक्य ऐकलं की खिशातला पेन अजून खोल सरकवायचा. चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीने विकत घ्यायची, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि त्या परवानगीला आधी राज्य सरकारची मान्यता लागते. नुसती शेतजमीन घ्यायची तर आधी तुम्ही शेतकरी आहात हे दाखवावं लागतं. विदर्भासाठी तो कुळकायदा 1958 पासून आहे.

एजंटला हे ठाऊक नाही? तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

म्हणून सात-बारा स्वतः काढा. भोगवटादार वर्ग एक आहे की दोन, ते बघा. अकृषक आदेशाचा कागद हातात घेऊन वाचा. तुमचे साहेब, तुमचे जावई, तुमचे शेजारी यांनी तिथे घेतलंय, हा पुरावा नव्हे. तिथल्या कोरकू आदिवासी माणसाच्या हातून गेलेली जमीन तुमच्या हातात आली असेल, तर ती एक दिवस परत मागितली जाईल. आणि मागितलीच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. तो कायदा तिथल्या माणसाच्या पायाखालची माती वाचवण्यासाठी आहे. आपल्या सावलीसाठी त्याला भोक पाडायचं नाही.

मोठ्या कंपनीकडून घेऊ, ती बुडत नाही, असं कुणी म्हणेल. लवासा आठवा. डोंगरातलं नवं शहर म्हणून केवढा गाजावाजा झाला होता. 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. घरासाठी पैसे भरलेली माणसं दावेदारांच्या रांगेत उभी राहिली.

आयुष्याची कमाई अशा रांगेत लावायची?

आता खरा प्रश्न. रात्री दोनला छातीत कळ आली तर?

सिंदी मेघेतून सावंगीचं मोठं रुग्णालय ऑटोने दहा-पंधरा मिनिटांवर. दुसरीकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, तेही हाकेच्या अंतरावर. दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालय. दोन वैद्यकीय महाविद्यालयांच्या मध्ये राहणारी गावं देशात किती असतील? आणि चिखलदऱ्याहून? घाट उतरून परतवाडा तीस किलोमीटर, अमरावती ऐंशीच्या पुढे. त्यात वळणं, त्यात धुकं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेळघाटचं जंगल. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास मोलाचा, हे आता शाळेतलं पोरही सांगतं.

तो तास घाटातच संपतो.

इथे थोडं थांबतो, कारण पुढची गोष्ट मला टोचते. जो दवाखाना आपल्याला म्हातारपणासाठी लांब वाटतो, तोच दवाखाना मेळघाटातल्या गरोदर बाईला जन्मभर लांब आहे. कुपोषणाने दगावणाऱ्या बाळांच्या बातम्या तिथून गेली तीस वर्षं येताहेत आणि उच्च न्यायालयाला सरकारला पुन्हा पुन्हा जाब विचारावा लागतो आहे. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे त्याच डोंगरात, बैरागडला जाऊन राहिले. ऐन उमेदीत गेले आणि तिथल्या माणसांना औषधपाणी देत तिथलेच झाले. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्थलांतर त्यांनीही केलं. पण डोंगराकडून काय मिळेल, हे विचारून नव्हे.

तुम्ही डोंगराला काय देणार आहात? एजंटच्या फॉर्मात हा रकाना नसतो.

आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारलंत का?

निवृत्त होतो तो नवरा. बायको निवृत्त होत नाही. तिची पोळी, तिची फोडणी, तिचा कूकर दोन वेळा चालूच. गेल्या महिन्यात एका घरी बसलो होतो. टेबलावर चिखलदऱ्याच्या ले-आऊटचा नकाशा पसरलेला. काका बोट फिरवून दाखवत होते, हा आपला कोपऱ्याचा प्लॉट, ही दरी, इथून सूर्यास्त. काकू पाण्याचे पेले ठेवायला आल्या. नकाशाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘दळण कुठं टाकायचं तिथं?’’

काकांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

त्या एका प्रश्नात सगळं आलं. गिरणीवाला जो डबा बघून ओळखतो की हे भाकरीचं दळण. समोरची सून, जी बीपीची गोळी संपली की आणून देते. गुरुवारचं भजन, महिन्याची भिशी, लग्नकार्यात हक्काने हाक मारणाऱ्या चार जणी. हे तीस वर्षांत जमलेलं असतं. नव्या गावात ते साठाव्या वर्षी पुन्हा जमवायचं, तेही पाच हजारांच्या आसपासच्या वस्तीत, जिथे शनिवारी पर्यटकांची गर्दी आणि मंगळवारी रस्त्यावर कुत्रंही नाही.

सूर्यास्त रोज बघून होतो. मग साडेसहाला दिवा लावून दोघांनी एकमेकांकडे बघायचं.

नवऱ्याआधी बायको किंवा बायकोआधी नवरा, एकजण मागे उरणारच. तो उरलेला माणूस त्या बंगल्यात एकटा राहील का? प्लॉट घेताना हा प्रश्न मोठ्याने विचारा. अभद्र वाटेल. तरी विचारा.

आणि थंड हवेचा सल्ला आपल्या जिल्ह्यात नवा नाही. 1938 मध्ये विनोबांची प्रकृती पार ढासळली होती. वजन 88 पौंडांवर आलेलं. थंड हवेच्या ठिकाणी जा, असा सल्ला मिळाला. विनोबा गेले कुठे? पवनारला. धाम नदीपलीकडच्या टेकाडावर जमनालाल बजाजांचा बंगला रिकामा होता, तिथे. रोज थोडं खणायचं, मोकळ्या हवेत राहायचं. डोक्यातला भार नदी ओलांडतानाच टाकून दिला होता. दहा महिन्यांत वजन 128 पौंड झालं.

पवनारची उंची काय, तर टेकाडाची. उन्हाळा वर्ध्याचाच.

गांधीजी 1936 च्या एप्रिलअखेर, म्हणजे भर उन्हाळ्यात, शेगावला राहायला गेले. वय सहासष्ट. त्याच शेगावचं पुढे सेवाग्राम झालं. 1944 मध्ये तुरुंगातून सुटले तेव्हा तब्येत खालावलेली होती, म्हणून पाचगणीला जाऊन राहिले. बरं वाटलं आणि सेवाग्रामला परत आले. डोंगराचा उपयोग कसा करायचा, हे त्यात पुरेसं स्पष्ट आहे. हवापालट करा, बिऱ्हाड पालटू नका.

आता कुणी म्हणेल, तेव्हाचं वर्धा वेगळं होतं, सावली होती. बरोबर. मग ती गेली कुठे? 2020 मध्ये सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हा वर्ध्यातली काही माणसं रस्त्यावर उभी राहिली. हनुमान टेकडीच्या उघड्या मुरमावर खड्डे खणून झाडं लावणारीही हीच वर्धेकर मंडळी. त्या टेकडीवर पहाटे चक्कर मारा. प्लॉटसाठी चिखलदऱ्याच्या पाच खेपा करणारे त्यातल्या एका तरी खड्ड्यापाशी होते का?

आपल्या सिंदी मेघेला जनगणनेने शहर म्हटलं आणि कारभार ग्रामपंचायतीने केला. ले-आऊटवर ले-आऊट पडले. प्रत्येकाने कुंपणापर्यंत सिमेंट ओतलं, अंगणातला कडुनिंब पाल्याचा कचरा होतो म्हणून तोडला, आणि मग ऊन वाढलं म्हणून कपाळाला हात लावला.

हेच सिमेंट घेऊन आपण वर निघालोय.

माझं मत विचाराल तर सरळ आहे. मे महिन्यात पंधरा दिवस चिखलदऱ्याला जा. दोघं जा. भाड्याने खोली घ्या, जेवणाचे पैसे तिथल्या कोरकू बाईच्या हातात पडतील असं बघा, मृग लागला की घरी या. पुंजी बँकेत राहू द्या, म्हातारपणी तिचे गिऱ्हाईक डॉक्टर असतात. धडधाकट असाल, पन्नाशीत असाल आणि डोंगरातल्या माणसांसाठी काही करायची ओढ असेल, तर खुशाल कायमचे जा. माझा आशीर्वाद आहे.

नुसतं ऊन चुकवायला जाणार असाल, तर इसार देण्याआधी एक करा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आठ दिवस तिथे राहून या. लॉजवर नको, खोलीत. स्वयंपाक तुम्ही करा, काकूंना खिडकीत बसू द्या. एकच टॉवेल न्या, दोरीवर टाका. आणि गिरणी कुठे आहे, तेवढं विचारून या.