एक कंबर, दोन महामार्ग

श्रावण निम्मा सरला की मुंबईतल्या कोकणी माणसांत दोन तट पडतात. एक तट किनाऱ्याने गावी जाणारा, दुसरा महामार्गाने. या दोन तटांत सोयरीक जमू शकते, भावकीतली जमिनीची केससुद्धा मिटू शकते, पण एका गाडीतून गावी जाणं काही जमत नाही. पनवेल यायच्या आतच कुणीतरी उतरून एसटी पकडतो.

हा वाद सगळीकडे होतो, पण शोभतो तो अंजनवेलच्या माणसाला. कुडाळवाल्याने किनाऱ्याने जातो म्हणणं ही हौस झाली. अंजनवेलचं तसं नाही. गुहागर तालुक्याच्या उत्तर टोकाला, वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथे हे गाव बसलेलं. महामार्गाने चिपळूण गाठून मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत पश्चिमेला उतरा, किंवा अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, केळशी, आंजर्ले, हर्णै करत दाभोळच्या धक्क्यावर या आणि फेरीबोटीने धोपाव्याला उतरा. दोन्ही वाटा इथे पोचतात आणि दोन्ही सारख्याच उशिरा पोचतात. लोकशाहीत मतदाराला याहून अधिक समान संधी आजवर मिळालेली नाही.

आधी महामार्गवाल्यांची बाजू घेऊ, कारण ते घाईत असतात.

मुंबई–गोवा महामार्गाला पूर्वी सतरा नंबर होता, आता सहासष्ट आहे. वयाच्या हिशेबाने बघितलं तर रस्ता तरुणपणी खोदायला घेतला आणि आता तो निवृत्तीनंतरची पेन्शन खातोय. चौपदरीकरणाचं काम पनवेल–इंदापूर टप्प्यापासून २०११ साली लागलं. तेव्हा जी पोरं मागच्या सीटवर आईच्या मांडीवर झोपून गावी जायची ती आता स्वतः गाडी चालवतात आणि त्याच वडखळच्या आसपास त्याच ठिकाणी त्याच शिव्या देतात. संस्कार म्हणतात ते हेच. मध्यंतरी प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे तारखा पडल्या. महामार्ग पूर्ण करण्याच्या तारखा आधीपासून पडतच होत्या. देशात न्यायालयाशी तारखांच्या बाबतीत बरोबरी करू शकेल असा हा एकच रस्ता असावा.

दरवर्षी गणपतीच्या तोंडावर पाहणी दौरा निघतो. मंत्रिमहोदय डोक्यावर हेल्मेट घालून खड्ड्याकडे बोट दाखवतात, अधिकारी त्या बोटाकडे बघतात, छायाचित्रकार दोघांकडे बघतो. खड्डा बिचारा एकटाच आकाशाकडे बघत असतो. मग चतुर्थीपूर्वी एक मार्गिका सुरू करण्याचं आश्वासन मिळतं, आणि टोलमाफीचा पासही मिळतो. टोल माफ झाला म्हणून माणूस खूश होतो. ज्या रस्त्याला टोल लावायची लाज वाटावी त्याच्यावरचा टोल माफ होण्याला सवलत म्हणतात, हे त्याच्या लक्षात येत नाही.

सुधारणा झालीच नाही असं म्हणणं मात्र कृतघ्नपणाचं होईल. कशेडीला बोगदा झाला. घाटातली वळणं, पोरांच्या उलट्या आणि त्यासाठी जपून ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं वाचलं. बोगद्यात पाणी गळतं अशी ओरड झाली, पण कोकणातल्या माणसाने गळतीची तक्रार करावी? त्याच्या घराची कौलं गेली तीन पिढ्या गळतायत. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर उड्डाणपूल बांधायला घेतला, तो १६ ऑक्टोबर २०२३ला बांधता बांधताच खाली आला. पूल पडतात, पण रहदारी सुरू व्हायच्या आत पडण्याचा समंजसपणा सगळ्याच पुलांकडे नसतो.

आता किनारेवाले. हे लोक शांत असतात, निदान निघताना. त्यांच्या गाडीत चटई असते, थर्मास असतो आणि मुक्कामी पोचण्याची वेळ विचारली की चेहऱ्यावर साधूसारखं हसू येतं. ‘पोचणं काय, कुणीही पोचतो. प्रवास अनुभवायचा असतो,’ असं ते म्हणतात. हे वाक्य सकाळी सात वाजता म्हणतात. संध्याकाळी पाच वाजता दाभोळच्या धक्क्यावर समोरची बोट डोळ्यांदेखत सुटते, त्यानंतर कुणीच काही म्हणत नाही.

धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो. बोटीवरचा पोरगा शिट्टी तोंडात धरून हाताने खुणा करत असतो: ‘येऊ द्या, येऊ द्या, डावा मारा... डावा म्हणलं ना अण्णा!’ ठाण्याचे अण्णा ऑफिसात चाळीस माणसांवर हुकूम चालवतात, पण इथे त्या पोराच्या हातवाऱ्यांवर त्यांची एसयूव्ही इंच इंच मागे सरकते आणि घामाने शर्ट भिजतो. शेजारी सुक्या मासळीची टोपली मांडीवर घेतलेली एक बाई हे सगळं बघते आणि पान चघळत शेजारणीला काहीतरी सांगते. दोघी हसतात. अण्णांना वाटतं, समुद्राकडे बघून हसल्या.

मग बोट सुटते आणि समोर अंजनवेल दिसायला लागतं. टेकडीवर गोपाळगड, त्याच्या तटबंदीच्या आत आंब्याची कलमं, पुढे दीपगृह आणि त्याच बाजूला गॅसवर चालणाऱ्या वीजप्रकल्पाच्या चिमण्या. अण्णा फोन काढतात आणि चिमण्या चौकटीबाहेर राहतील अशा बेताने किल्ल्याचा फोटो घेतात.

त्या चिमण्यांनाही या वादात बोलायचा हक्क आहे. एन्रॉन नावाची कंपनी इथे आली तेव्हा प्रकल्प खाडीच्या अलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या अंगाला उभा राहिला आणि नाव मिळालं ‘दाभोळ’. जमीन अंजनवेल, वेलदूर, रानवीच्या लोकांची गेली, मोर्चे इथे निघाले, लाठ्या इथे बसल्या. जगभरच्या वर्तमानपत्रांत नाव मात्र पलीकडच्या किनाऱ्याचं छापून आलं. एक पक्ष प्रकल्प अरबी समुद्रात बुडवायला निघाला होता. सत्तेवर आल्यावर समुद्र जरा उथळ निघाला असावा, कारण करार नव्याने झाला. पुढे २००१मध्ये अमेरिकेतली मूळ कंपनीच बुडाली, तीही अरबी समुद्राची मदत न घेता. २००५ला सरकारी कंपन्यांनी प्रकल्प हातात घेतला. सांगायचं ते एवढंच, की विकास जलद मार्गाने आला तर काय होतं, हे अंजनवेलला कुठल्या पुस्तकात वाचावं लागत नाही. खिडकी उघडली की दिसतं.

किनाऱ्याचा मार्ग म्हणजे निसर्गरम्य आणि आतला म्हणजे जलद, ही विभागणीही तशी अलीकडची. शतकानुशतकं उलट होतं. समुद्र हाच हमरस्ता होता. दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी परतीच्या वाटेला इथूनच गलबतात चढला. त्या वेळी मुंबईला कुणी विचारत नव्हतं. वाशिष्ठीच्या मुखावर पहारा ठेवायचा तर अंजनवेलचा किल्ला हवा, म्हणून सिद्दी आणि आंग्रे त्याच्यासाठी भांडले. तुळाजी आंग्र्यांनी तो घेतला आणि गोपाळगड नाव दिलं. त्यांच्यापैकी कुणीही ‘व्ह्यू चांगला आहे’ म्हणून लढलं नाही.

नंतर आगबोटी आल्या. भाऊच्या धक्क्यावर चढायचं, डेकवर वळकटी पसरायची आणि पहाटे दाभोळ. बोट किनाऱ्याला लागत नसे. पडाव यायचा, त्यात पोरं, ट्रंका, कोंबड्या आणि म्हातारी असं सगळं वरून खाली झेलायचं. रात्रभर ओकून हिरवा पडलेला माणूस निसर्गसौंदर्याबद्दल अवाक्षर काढत नसे. सह्याद्रीमागून सूर्य वर येताना त्याने पाहिला, पण तो कठड्यावर ओणवा होऊन. कोकणचा किनारा ‘निसर्गरम्य’ झाला तो गाडीत एसी बसल्यावर.

आता जरा नकाशा बघू. दोन्ही तटांच्या वाटेत त्याच नद्या आडव्या येतात. महामार्गावर महाडजवळ सावित्री लागते. किनाऱ्यावर बागमांडल्याला जी खाडी लागते तीही सावित्रीच, फक्त समुद्राजवळ आल्याने रुंद झालेली. महामार्गावर चिपळूणला वाशिष्ठी, किनाऱ्याने दाभोळला तीच वाशिष्ठी.

महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला. त्यावरून येणाऱ्या दोन एसट्याही गेल्या. त्यांतली एक जयगडहून मुंबईला निघालेली. त्या रात्रीबद्दल विनोद करायचा नाही. त्यानंतर जे झालं त्याबद्दल मात्र बोललं पाहिजे. नवा पूल ५ जून २०१७ला रहदारीसाठी खुला झाला. दहा महिने! म्हणजे पूल बांधायला किती दिवस लागतात हे सरकारला माहीत आहे. मनात आणलं तर जमतंही. त्याच नदीवर खाली बागमांडले–वेश्वी दरम्यान पुलाचं काम सुरू झालं, खांब पाण्यात उभे राहिले आणि कित्येक वर्षं तसेच उभे. बोट त्यांच्या बाजूने जाते. पर्यटक विचारतात, ‘हे कुठल्या काळातलं?’ बोटीवरचा माणूस गंभीर चेहऱ्याने सांगतो, ‘आघाडी सरकारच्या.’

किनारेवाल्यांच्या वाटेचं खरं नाव रेवस–रेड्डी सागरी महामार्ग. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८०–८२च्या सुमाराचं हे स्वप्न. रायगडमधल्या रेवसपासून वेंगुर्ल्याच्या रेड्डीपर्यंत, पाचशेच्या आसपास किलोमीटर. अंतुल्यांनी त्याच कारकिर्दीत सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण करून दाखवला. जिल्हा निर्माण करायला सही पुरते, रस्त्याला डांबर लागतं. अंतुले २०१४मध्ये गेले. रस्ता अजून येतो आहे. मधल्या काळात एका खाजगी संस्थेने २००३पासून दाभोळ–धोपावे फेरीबोट चालवून दाखवली आणि पुलाची वाट बघणाऱ्यांना निदान बसायला जागा दिली.

अंजनवेलमध्ये या सगळ्या वादाकडे कसं बघतात? समोर दाभोळ दिसतं, तिथली बांग वारा अनुकूल असेल तर ऐकू येते. बोटीने दहा-पंधरा मिनिटं. बोट बंद असेल तर चिपळूण, खेड, दापोली करत शंभराहून जास्त किलोमीटर. रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला ‘निसर्गरम्य की जलद?’ असं कुणी विचारत नाही. चिपळूणचा रस्ता धरायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. म्हणून पूल नको, बोट छान, त्यात मजा आहे, असं कुणी मुंबईकर धक्क्यावर उभा राहून सांगायला लागला की गावातला माणूस ऐकून घेतो आणि विचारतो, ‘परत कधी जाणार?’

रेल्वेनेही मध्ये तिसरा तट काढून बघितला. ट्रक १९९९पासून कोकण रेल्वेच्या वाघिणीवरून जातात. २०२५च्या गणपतीत मोटारींनाही चढवायचं ठरलं. कोलाडला गाडी चढवा, वेर्ण्याला उतरवा. म्हणजे आपला चिपळूणचा माणूस स्वतःच्या मोटारीसकट स्वतःच्या गावावरून पुढे गोव्याला जाणार, आणि तिथून गाडी चालवत परत गावी येणार. ओरड झाल्यावर नांदगावला थांबा दिला, तोही कणकवली तालुक्यात. गुहागरवाल्यांनी या योजनेचं स्वागत केलं नाही, यात त्यांचा करंटेपणा दिसतो.

आणि हे अपुरं वाटू नये म्हणून महामार्ग आणि सागरी महामार्ग यांच्या जोडीला कोकण द्रुतगती महामार्गाचीही आखणी चालू आहे. तिन्ही पूर्ण झाले तर कोकणात रस्ते जास्त आणि जमीन कमी होईल, ही भीती अनाठायी आहे. ‘तिन्ही’ आणि ‘पूर्ण’ हे शब्द इथे एका वाक्यात फार काळ टिकत नाहीत.

तरी रस्त्याने कुणाचंच भलं झालं नाही असं कसं म्हणावं? गुहागर बाजारपेठेत एक एजंट भेटला. पांढरा शर्ट, खिशात दोन फोन, बगलेत सातबाऱ्यांची फाइल. अंजनवेलच्या बाजूला समुद्र दिसणारा प्लॉट दाखवतो म्हणाला. मी विचारलं, भाव एवढा का, तिथे जायला धड रस्ता नाही.

‘पूल मंजूर आहे ना साहेब! सागरी महामार्ग इथूनच जाणार.’

‘आणि पूल झाल्यावर भाव आणखी वाढेल?’

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘झाल्यावर कशाला वाढेल? गाड्या सुसाट पुढे जातील, इथे थांबणार कोण? भाव असतो तो होणार असेपर्यंत. आमच्या वडिलांनी याच पुलावर दोन प्लॉट विकले, मी तिसरा विकतोय.’ फाइल दुसऱ्या बगलेत सरकवत त्याने आवाज खाली आणला. ‘फक्त मुलासाठी एखादा ठेवायचाय. तोवर झाला नाही म्हणजे मिळवली.’