‘ओके’ या उद्गाराची मीमांसा

हौशी कोरीवकामाचे संगणकचालित यंत्र, ज्याला बाजारात सरसकट ‘सीएनसी’ म्हणतात, ते मालकाशी फार मोजके बोलते, आणि त्या मोजक्या बोलण्यातून मालक जे भलतेसलते अर्थ काढतो त्यांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी विदर्भातले सौंदड हे ठिकाण योग्य होय. कारण सागाचे कौतुक या मुलखाला नवे नाही (सौंदडवरून जाणारा लोहमार्ग ज्या बल्लारशाहला पोचतो, तेथूनच 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी साग रवाना झाला), आणि सागाची फळी वाया गेल्याचे दुःखही येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

पहिला घोटाळा ‘फाइल लोड झाली’ या निरोपाचा. फाइल म्हणजे जी-कोडची यादी, अर्थात कोरणाऱ्या बिटने कोणत्या दिशेला, किती मिलिमीटर आणि किती वेगाने सरकावे हे ओळीओळीने सांगणाऱ्या आज्ञा. मात्र ती लोड होते लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅममध्ये, यंत्राला तिचा पत्ताही नसतो. स्वस्त यंत्रांत बहुधा ‘जीआरबीएल’ ही 2009 साली सुरू झालेली मुक्त प्रणाली असते, आणि येणारा मजकूर साठवायला तिच्यापाशी अवघ्या 128 अक्षरांची जागा असल्याने तिला घासघास भरवावे लागते. झाडीपट्टीच्या नाटकात ऐनवेळी उभा केलेला नट जसा प्रॉम्प्टरच्या तोंडचे वाक्य उचलून ठणकावतो आणि तिसऱ्या अंकात आपला खून होणार आहे याची त्याला वार्ता नसते, तसेच हे यंत्र प्रत्येक ओळीला ‘ओके’ म्हणते. या ‘ओके’चा अर्थ ‘ओळ कळली’ एवढाच. ‘काम झाले’ असा मुळीच नव्हे.

ओळ कळली नाही, तर ‘एरर’ व त्यापुढे एक आकडा येतो. एरर 20 म्हणजे आज्ञा यंत्राच्या शब्दकोशात नाही. फाइल मोठ्या कारखानी यंत्रासाठी तयार झाली असली आणि तिच्यात बिट आपोआप बदलण्याची ‘एम 6’ ही आज्ञा असली, की हा आकडा हमखास दिसतो. एरर 9 म्हणजे यंत्र अलार्मच्या अवस्थेत कुलूपबंद आहे. ते उघडण्याचे मार्ग दोन: ‘डॉलर एच’ दिल्यास यंत्र कोपऱ्यातल्या स्विचपर्यंत जाऊन आपली जागा नक्की करते, ‘डॉलर एक्स’ दिल्यास काहीही न तपासता कुलूप निघते. लोक कोणता निवडतात हे सांगण्याची गरज नसावी.

‘डॉलर सी’ ही आज्ञा तपासणीची. तीत यंत्र जागचे न हलता संपूर्ण फाइल वाचून चुका दाखवते, आणि ती बिनचूक निघाली की मालकाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते ते वस्तुस्थितीला धरून नसते, कारण ही तपासणी केवळ व्याकरणाची असते. इंचांतले आकडे मिलिमीटरच्या आज्ञेखाली गेले तरी व्याकरण शुद्धच राहते, आणि 8 इंची पाटी 8 मिलिमीटरमध्ये उरकली जाते. पाटीवर कोरायच्या ‘सौंदड’चा अनुस्वार एक अक्षर पुढे सरकून ‘सौदंड’ झाले, तरीही यंत्राची हरकत नसते.

या उदासीनतेची परिसीमा लाईट गेल्यावर दिसते. मोटारींना वीज भिंतीतल्या बोर्डावरून मिळते, पण यंत्राच्या मेंदूला पुष्कळदा लॅपटॉपच्या केबलमधूनच मिळत असल्याने, ‘सौं’ कोरून होताच लाईट गेली तर मोटारी थंड पडतात आणि मेंदू मात्र बॅटरीवर ‘ओके, ओके’ म्हणत पुढच्या ओळी गिळत राहतो. बिट खरोखर सरकले की नाही हे पाहण्याची सोय त्याला कोणी दिलेलीच नसते. ‘द’ असा हवेतच नव्हे, तर निव्वळ कल्पनेत कोरला जातो. तेवढ्यात लाईट आली, तर बिट ‘द’च्या जागी ‘ड’ कोरते, पाटीवर ठसठशीत ‘सौंड’ उमटते, आणि पडद्यावर काम पूर्ण झाल्याचा निरोप झळकतो: चुका शून्य, शिवाय लागलेला वेळ सेकंदांसकट.