विद्यावेतनाची विद्या
(मालवण किनारपट्टीवरील प्रौढ विद्यार्थ्यांसाठी सुलभ मार्गदर्शन)

१. प्रथम वय ठरवावे. सरकारी पैशाने शिकू इच्छिणाऱ्याने आपण तरुण आहोत की कारागीर, हे जन्मदाखला बघून निश्चित करावे. १८ ते ३५ या वयात माणूस तरुण असतो आणि त्याच्यासाठी २०२४ च्या जुलैपासून मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आहे. छत्तिसाव्या वर्षी तारुण्य सरकारजमा होते. अशांनी खचून न जाता पीएम विश्वकर्मा योजनेकडे वळावे. तिथे वयाला वरची मर्यादा नाही. पहिल्या योजनेला लोक ‘लाडका भाऊ’ म्हणतात, म्हणून घरातल्या चेडवांनी मागे राहू नये. त्यांनाही ती तितकीच लागू आहे.

२. पदवीचे मोल जाणून घ्यावे. युवा योजनेत बारावी पास असल्यास महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका असल्यास ८,०००, पदवीधर असल्यास १०,०००. बारावीनंतर कॉलेजात काढलेल्या वर्षांचे काय झाले, असे बाबा विचारत असतील तर त्यांना हा तक्ता दाखवावा : महिना ४,००० झाले.

३. स्वतःला एक व्यक्ती सिद्ध करावे. हे वाटते तितके सोपे नाही. आधारवर ‘सूर्यकांत’, शाळेच्या दाखल्यावर ‘सुर्यकांत’ आणि पासबुकावर ‘बाबू’ असे तीन इसम आपल्या घरात राहत असतात. तिघांचा समेट झाल्याशिवाय महास्वयं पोर्टलवर पुढचे पान उघडत नाही. बँक खाते आधारला जोडलेले हवे, कारण पैसे थेट खात्यात येतात. सेतू केंद्रात जाताना डबा न्यावा. ‘‘सर्व्हर डाऊन आसा, उद्या येवा,’’ हे वाक्य ऐकून रागावू नये. प्रशिक्षण सुरू झाले असे समजावे.

४. शिकवणारा शोधावा. खासगी आस्थापना किमान तीन वर्षे जुनी आणि ईपीएफ, ईएसआयसी, जीएसटी वगैरे नोंदण्या असलेली हवी. तारकर्लीच्या ज्या होम स्टेत आजी मासे तळते, काकी खोल्या झाडते आणि चुलतभाऊ पर्यटकांना डॉल्फिन दाखवतो, तिथे धंदा शिकता येतो, पण विद्यावेतन मिळत नाही. मग उरते सरकारी कार्यालय. तिथे आवक-जावक नोंदवही, झेरॉक्स आणि साहेब कुठे गेलेत हे न सांगण्याची कला, असा भरगच्च अभ्यासक्रम असतो.

५. हजेरीचे गणित पाठ करावे. महिन्यात दहा किंवा अधिक दिवस गैरहजर राहिल्यास त्या महिन्याचे विद्यावेतन बुडते. हा नियम करणाऱ्याच्या घरी गणपती दीड दिवसाचा असावा. अकरा किंवा एकवीस दिवसांच्या गणपतीवाल्यांनी भाद्रपदात रुजू होऊ नये. आंगणेवाडीच्या जत्रेचे आधी सांगता येत नाही. तिची तारीख देवीच्या कौलाने ठरते आणि रजेच्या अर्जात कौलासाठी रकाना नाही. रात्रभर दशावतार पाहून सकाळी टेबलावर डोके ठेवल्यास मात्र ती हजेरीच धरली जाते.

६. येत असलेली विद्या पुन्हा शिकावी. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तेव्हा संबंधित खात्याचे केंद्रीय मंत्री आपल्याच जिल्ह्याचे नारायण राणे होते. तिच्या १८ व्यवसायांत होडी बांधणारे आहेत, जाळी विणणारे आहेत, सावंतवाडीला शोभतील असे खेळणी करणारेही आहेत. मालवणी खाजे करणारा नाही. त्याने खाजेच करावे. इथे अट उलटी आहे : जे शिकायचे ते आधीच येत असले पाहिजे. तसे येते, याची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. मग पाच-सात दिवसांचे प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये, शिवाय हत्यारांसाठी १५,००० रुपयांचे व्हाउचर. ‘‘आमच्या आज्यान जन्मभर जाळी विणल्यान, तेका कोणी पाचशे दिल्यान नाय,’’ असे कोणी म्हणाल्यास आज्याकडे प्रमाणपत्र नव्हते, हे नम्रपणे निदर्शनास आणावे. मत्स्यव्यवसाय विभागाचे प्रशिक्षणही याच परंपरेतले. तिथे प्रवेशालाच मासेमारीचा अनुभव लागतो आणि पोहता यावे लागते.

७. पैशाची वाट पाहावी. रापण ओढणाऱ्याला त्याचा वाटा किनाऱ्यावरच मिळतो. विद्यावेतनाची रापण मोठी असते : हजेरी आस्थापनेकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून पुढे, आणि मग खात्यात. दोरी आपण आज ओढायची, मासळी कधी लागेल ते मोबाइलचा मेसेज सांगेल. तोवर किराणा दुकानदाराशी संबंध चांगले ठेवावेत.

८. शेवट आधीच वाचून ठेवावा. युवा कार्यप्रशिक्षण सुरुवातीला सहा महिन्यांचे होते. २०२५ मध्ये ते पाच महिन्यांनी वाढून अकरा महिन्यांचे झाले. बाराव्या महिन्याबद्दल योजना मौन पाळते. प्रमाणपत्र मिळते, नोकरीची हमी नाही. अकरा महिन्यांत कार्यालयाला आपली सवय होते, पण सवयीला पद मंजूर नसते.

तरीही अर्ज जरूर करावा. पैसे कोणाच्या खिशातले नाहीत, सार्वजनिक तिजोरीतले आहेत आणि नियमात बसणाऱ्याचा त्यावर हक्क आहे. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की सरकार हजेरीचे पैसे देते, शिकल्याचे नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात एखादे पुरते काम हट्टाने मागून घ्यावे : हिशेबाची वही, यंत्राची दुरुस्ती, काहीही. न दिल्यास पुन्हा मागावे. पुढच्या मुलाखतीत ‘काय येते?’ असे विचारतील, तेव्हा हजेरीपट दाखवून भागणार नाही.