मेमरी नाकारली तर?

कळवणच्या बाजार समितीत ट्रॅक्टर लावून कांद्याचे भाव पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात अँड्रॉइड फोन असतो. त्याच्या तळाशी लिनक्सचा कर्नल, म्हणजे सगळ्याचा गाभा. तेव्हा कर्नलमधली गफलत ही परदेशातल्या सर्व्हरवाल्यांची डोकेदुखी, असं कुणी समजू नये.

कर्नलमधला ड्रायव्हर, म्हणजे एखादं यंत्र चालवणारा कोड, सुरू होताना काय करतो? आधी मेमरी घेतो, मग इंटरप्ट, म्हणजे यंत्राकडून येणारा इशारा, नोंदवतो, मग यंत्राला हाक मारतो. यंत्राने ओ दिली नाही, तर उलट्या क्रमाने आवरायचं: आधी इंटरप्ट सोडायचा, नंतर मेमरी. मेमरी आधी सोडली आणि तेवढ्यात इंटरप्ट आला, तर कर्नल आपल्या न राहिलेल्या जागेत लिहून बसतो.

हल्लेखोर अशीच फट शोधत असतात.

आणि मेमरी सोडायचीच राहिली तर? ॲप बंद पडलं की त्याची मेमरी कर्नल परत घेतो. कर्नलने स्वतः अडकवलेली कोण परत घेणार? फोन बंद करून चालू करा!

लॉकचं तेच. एरर दिसली, फंक्शन घाईने परतलं, लॉक तसाच. तोच लॉक मागणारा पुढचा बिचारा कायम ताटकळत.

अशा चुका वर्षानुवर्षं टिकतात, कारण बिघाडानंतर आवरण्याची ही वाट रोज वापरातच येत नाही. अडचण आली की येते. म्हणजे नेमकी नको त्या वेळी.

सी भाषा शिकवताना ‘गोटू’ला, म्हणजे कोडमध्ये थेट उडी मारणाऱ्या आज्ञेला, हात लावू नका, असं पोरांकडून घोकून घेतात. लिनक्सचे लेखी नियम मात्र या आवराआवरीसाठी गोटूच सुचवतात. 2023 मध्ये तर फंक्शन संपताच मेमरी आणि लॉक आपोआप सुटण्याची सोय कर्नलमध्ये आली. जुना कोड मात्र आपोआप सुधारत नाही. त्यासाठी कुणालातरी एकेक फाइल उघडून बसावं लागतं. अशा माणसाचा सत्कार झालेला कुणी पाहिलाय?

उलट अशा दुरुस्त्यांचा गैरफायदा घेणारेही निघाले. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी तर किरकोळ दुरुस्तीच्या नावाखाली मुद्दाम दोष असलेले पॅच, म्हणजे कोडमधले बदल, कर्नलसाठी पाठवून पाहिले. प्रकरण चिघळलं आणि एप्रिल 2021 मध्ये अख्ख्या विद्यापीठाला कर्नलचं दार बंद झालं. योग्यच झालं. दुरुस्ती करणाऱ्यावरचा विश्वास हा प्रयोगाचा उंदीर नव्हे.

आणि दुरुस्ती करणारे जिथे घडायचे, त्या आपल्या कॉलेजांत काय चालतं? पडद्यावर आउटपुट दिसलं की जर्नलवर सही. परीक्षकांनी त्याआधी एक प्रश्न विचारावा: ‘मॅलॉकने नल परत दिला, म्हणजे मेमरी नाकारली, तर तुझा प्रोग्राम काय करतो?’

उत्तर नसेल, तर गुण कापा.