लिंबानं चाटलेला ओटा

आमचा जुना ओटा कडाप्प्याचा होता. काळाकुळकुळीत. सव्वीस वर्षांत त्यानं एकदाही तक्रार केली नाही. त्याच्यावर आम्ही नारळ फोडले, चिंचा कोळल्या, मुलाला बसवून त्याच्या फुटलेल्या गुडघ्यावर हळद दाबली. त्याच्यावर काय काय सांडलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. मग एका मेहुण्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली, तिथे मी पांढराशुभ्र संगमरवरी ओटा पाहिला आणि घरी येईपर्यंत आमचा ओटा मला शोकसभेसारखा दिसू लागला.

"बदलायचाच तर ग्रॅनाइट घेऊ या," ही म्हणाली.

"ग्रॅनाइट काय, सगळ्यांकडेच असतो," मी म्हणालो. संसारात मी ठामपणे बोललेली वाक्यं फार नाहीत. जी आहेत ती सगळी महागात पडलेली आहेत.

दुकानदारानं लादीवर थाप मारून सांगितलं, "मकराण्याचा आहे साहेब. ताजमहाल याचाच." संपलं. शाहजहानला जे चाललं ते आपल्याला न चालायला काय झालं? ताजमहालात फोडणी देत नाहीत, हा मुद्दा त्या वेळी कुणीच काढला नाही. तो काढला आमच्या कामाच्या मावशींनी, पण ओटा बसल्यावर. "पांढरा घेतलात होय दादा? मग हळद कुठं सांडायची?"

हळदीच्या आधी लिंबू आलं. तिसऱ्या दिवशी मी हौसेनं सरबत केलं आणि पिळलेल्या फोडी वाटीत टाकून वाटी तिथेच ठेवली. वाटीचं बूड ओलं होतं. सकाळी पाहतो तर झगझगीत पॉलिशवर एक मंद, निस्तेज गोल. बोट फिरवलं तर हाताला काही लागेना. ओलं फडकं फिरवलं की गोल गायब. मी विजयी मुद्रेनं वळावं, तोवर ओटा वाळून गोल पुन्हा हजर.

मी घासणी घेतली. भांड्यांची पावडर झाली, टूथपेस्ट झाली. शेवटी नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: "लिंबू चोळा. रामबाण." खाली हात जोडलेले.

मी अर्धं लिंबू पिळलं. बारीक बारीक बुडबुडे येऊ लागले. "अगं, लवकर ये! मळ सुटतोय बघ!" मी हिला हाक मारली. ही हात पुसत आली, वाकून बुडबुडे पाहिले आणि म्हणाली, "डाग लिंबाचाच होता ना?"

सुटत होता तो मळ नव्हता, ओटा होता. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीचाच श्रीमंत भाऊ. आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड सोडत तो विरघळतो. हा प्रयोग मी शाळेत केलेला आहे, आकृती काढून, भागांना नावं देऊन. पण तिथे चुनखडी परीक्षानळीत होती. ती पुढे स्वयंपाकघरात भेटेल, असं सरांनी सांगितलं नव्हतं. म्हणजे चार दिवस मी जो डाग घासत होतो, तिथे घासून काढण्यासारखं काही नव्हतंच. जे होतं ते आधीच गेलं होतं, आणि उरलेलं मी घालवत होतो.

यथावकाश हळदही सांडली. आता मी लिंबाला हात लावणार नव्हतो. शहाणा झालो होतो. धुण्याचा सोडा कालवून लावला. पिवळा डाग बघता बघता लालभडक. हळदीला खार भेटला की ती लाल होते, कुंकू करणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मावशींनी ओट्यावर फुलं वाहायची तेवढी बाकी ठेवली. सोडा धुऊन टाकल्यावर डाग पुन्हा पिवळा झाला आणि खिडकीतल्या उन्हानं पंधरा दिवसांत फुकट उतरवला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे दोरीवर टॉवेल वाळत घालणाऱ्या कुणीही सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं.

तेलाच्या डागाचं श्रेय मात्र माझं. खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप थापला, वर प्लॅस्टिक पसरून कडा चिकटवल्या आणि रात्रभर सोडून दिलं. दगडात मुरलेलं तेल लेप ओढून घेतो. ताजमहालालाही 1994पासून अधूनमधून मुलतानी मातीचा लेप लावतात, ही माहिती मी जेवताना दिली. "त्याची बायको तरी बघायला नाही," ही म्हणाली.

शेवटी पॉलिशवाला आला. मूळचा राजस्थानचा, पुण्यात मुरलेला. त्यानं गोलावर हलकेच नख फिरवलं, डोळा ओट्याच्या पातळीला आणून उजेडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, डाग नाय हा. निंबूनं चाटलंय."

मग मशीन सुरू झालं. पाणी, घरघर आणि पांढरा राडा. फरशीपासून कमरेपर्यंत भिंती, फ्रिजचं दार, मी. खडबडीत दगडापासून बारीक दगडापर्यंत तो एकेक नंबर चढत गेला. प्रत्येक दगड आधीच्यानं पाडलेले ओरखडे पुसतो आणि स्वतःचे, जरा बारीक, पाडून ठेवतो. होता होता ओरखडे इतके बारीक होतात की डोळ्याला दिसत नाहीत. त्यालाच चकाकी म्हणतात. हे ऐकून माझा संगमरवराबद्दलचा निम्मा आदर तिथेच ओसरला.

निघताना त्यानं पथ्य सांगितलं. ओलं फडकं, फार तर साध्या साबणाचे दोन थेंब. ज्या बाटलीवर लिंबाचं चित्र आहे ती नको, व्हिनेगर नको, संडासाचं अॅसिड तर फरशीच्या आसपासही नको.

"आणि ग्रॅनाइट असता तर?" हिनं विचारलं.

"त्याला निंबू काय करणार काकू? तो तेल पितो थोडं, बाकी कडक." मग माझ्याकडे वळून, "दुकानातच तुकड्यावर निंबू टाकून बघायचं ना. बुडबुडा आला की समजायचं."

मी विषय बदलावा म्हणून जुन्या कडाप्प्याबद्दल विचारलं. तर कडाप्पा, शहाबादी, कोटा, सगळे चुनखडीच्याच घरातले. म्हणजे त्या बिचाऱ्यालाही सव्वीस वर्षं लिंबू, चिंच, ताक सगळ्यांनी चाटलंच होतं. त्यानं बोभाटा केला नाही, एवढंच.

पॉलिश गुरुवारी झालं. रविवारी पाहुणे होते आणि ओट्याच्या आनंदात मी सोलकढी करायला घेतली. आमसुलं भिजवलेली वाटी कुठे ठेवली, ते सांगत नाही.

ही काही बोलली नाही. नव्या गोलावर तिनं साखरेचा डबा ठेवला; बूड अगदी मापात बसलं. तेव्हा आमच्याकडे चहाला जरूर या. साखर कमी वाटली तर मागा, पण डबा उचलू नका.