जीएसएम किती?

पुण्यात अप्पा बळवंत चौकात जाऊन 'सीडीच्या कव्हरसाठी कागद पाहिजे' असं म्हणून बघा. दुकानदार आधी तुमच्या केसांकडे बघतो आणि मग विचारतो, "अजून मिळतात का हो सीड्या?" मिळतात. मिळत नाही तो त्या वाजवणारा लॅपटॉप. पण जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या आजीच्या ओव्या पेनड्राइव्हवर घालून वाटल्या, तर काही दिल्यासारखं वाटतच नाही. पेनड्राइव्हला कव्हर नसतं. कव्हर नाही म्हणजे फोटो नाही, आणि फोटो नाही म्हणजे 'यात आमच्या बाबांना का कापलंत' हा प्रश्नही नाही. मग मजा काय राहिली?

दुकानदाराचा दुसरा प्रश्न जास्त अवघड असतो : "जीएसएम किती पाहिजे?" एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. ए-फोर हा चौरस मीटरचा सोळावा हिस्सा, त्यामुळे झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कागद भरतो जेमतेम पाच ग्रॅम. आपली मात्र वजनावर फार श्रद्धा. लग्नपत्रिका हातात आली की वधूवरांची नावं नंतर, आधी ती बोटांत दाबून बघायची! त्याच न्यायाने घरून निघतानाच बजावलेलं असतं, "चांगला जाड आण, चिंगूसपणा नको."

पुढच्या कव्हरला जाड कागद एकवेळ चालतो. झाकणाच्या आतल्या अर्धगोल जिभांखाली तो निमूट सरकतो. खरी कसोटी मागच्या कव्हरची. ते १५१ बाय ११८ मिलिमीटरचं, आणि दोन्ही कडांना साडेसहा मिलिमीटरच्या पट्ट्या काटकोनात दुमडायच्या. कपाटात सीडी उभी ठेवल्यावर दिसतं ते नाव या पट्टीवर असतं. इथे २३० जीएसएमचा फोटो पेपर घातला, की तो दुमडलेला राहायला तयार नसतो. आतल्या ट्रेलाच वर ढकलतो. शिवाय घडीवर त्याचा चकचकीत थर तडकतो आणि आजीच्या नावाच्या डोक्यावरून पांढरी भेग जाते.

कागदालाही नस असते. त्याचे तंतू एका दिशेने जास्त लागलेले असतात; त्या दिशेने घडी सरळ बसते, आडवी घातली तर कुरकुरते. खात्री करायची तर कागदाची पट्टी टरकवून बघावी. नसेच्या दिशेने ती बऱ्यापैकी सरळ फाटते, आडवी फाडली की वेडीवाकडी. ए-फोरमध्ये नस बहुधा लांबीच्या बाजूने असते, म्हणून मागचं कव्हर पानावर असं मांडावं की त्या दोन पट्ट्या पानाच्या लांब कडेला समांतर येतील. घडीच्या रेषेवर पट्टी धरून संपलेल्या रिफिलचं टोक एकदा दाबून फिरवलं, की कागद हट्ट सोडतो.

चकचकीतपणाचा मोह मला कधीच कळलेला नाही. केसचं झाकण मुळातच चकाकतं. त्याच्याखाली पुन्हा ग्लॉसी कागद म्हणजे रेनकोट घालून वर छत्री. त्यात आपला पावसाळा. जुन्या अल्बममधले फोटो प्लॅस्टिकला कसे चिकटून बसतात, हे ज्याने सोडवून पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

मग साधा बॉन्ड का नको? कारण इंकजेटची शाई त्यात मुरते आणि तंतूंच्या वाटेने पसरते. आजीच्या नऊवारीचं फार बिघडत नाही, पण नथीतले मोती एकमेकांत मिसळून नाकावर नुसता ढग उरतो. 'आर्ट पेपर द्या' म्हणावं, तर तो छापखान्याचा. इंकजेटची शाई त्यावर नीट वाळत नाही, बोट लागलं की फराटा. उलट इंकजेटचा फोटो पेपर लेसर प्रिंटरमध्ये अजिबात घालू नये. तिथे टोनर उष्णतेने वितळवून बसवतात, आणि कागदावरचा थर वितळून आत चिकटला तर प्रिंटरच दुरुस्तीला न्यावा लागतो. इंकजेटसाठीचा मॅट, १०० ते १३० जीएसएमचा कागद मागावा. पाकीट जरा महाग पडतं आणि दिसायला अगदीच सोज्वळ असतं, पण घडी ऐकतं आणि मोती मोजून घ्यावेत इतके वेगळे दिसतात. पाकीट उघडल्यावर उरलेले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत आडवे ठेवावेत, नाहीतर श्रावणापर्यंत त्यांची सुरळी होते.

छापताना 'फिट टू पेज' बंद करायचं तेवढं ध्यानात असू द्या. प्रिंटर मदत म्हणून सगळं थोडं लहान करतो आणि साडेसहाची पट्टी सहाची होते. पहिली प्रत झेरॉक्सच्या कागदावर काढून केसमध्ये बसवून बघितलेली बरी.

डिस्कवर मात्र कागद चिकटवू नये. लेबल जरा तिरकं बसलं की तोल जातो आणि फिरताना ती थरथरते; उन्हाळ्यात कोपरा सुटला तर ड्राइव्हमध्येच अडकते. मार्करने नाव आणि साल लिहिलं की झालं. आत्या तसंही कव्हर पुढूनमागून बघणार, 'लॅबमधून केलंस का?' विचारणार आणि केस न उघडताच शोकेसमध्ये, काचेच्या बाहुलीशेजारी ठेवणार.