प्रथमवर्षीयांसाठी संक्षिप्त आचारसंहिता

महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमाच्या प्रथम वर्षात, म्हणजे बोलीतील ‘एफवाय’त, दाखल होणारा विद्यार्थी कागदोपत्री नवखा नसतो, कारण अकरावी-बारावीची दोन वर्षे तो कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर असतोच, परंतु त्या काळात तो देहाने बहुधा खासगी क्लासमध्ये वास करत असल्यामुळे महाविद्यालयाशी त्याचा परिचय शुल्काची पावती आणि प्रात्यक्षिक परीक्षा यांपलीकडे गेलेला नसतो. अशा विद्यार्थ्याला उपदेश करणाऱ्या आप्तेष्टांचे स्थूलमानाने दोन संप्रदाय आढळतात. ‘हीच वर्षे महत्त्वाची’ असे मानणारा पहिला संप्रदाय दहावीच्या आणि बारावीच्या वेळीही नेमके हेच सांगत आलेला असतो, तर ‘आता मजा करून घे’ म्हणणारा दुसरा संप्रदाय मजेच्या खर्चाविषयी कटाक्षाने मौन पाळतो. शाळेत विद्यार्थ्याला शोधत कोणीतरी येत असे आणि महाविद्यालयात विद्यार्थ्यालाच सर्व काही शोधत जावे लागते, हा मूलभूत फरक मात्र दोन्ही संप्रदायांच्या नजरेतून निसटतो.

या फरकाचा पहिला पुरावा म्हणजे सूचनाफलक. शाळेत सूचनांची वही घेऊन शिपाई वर्गात येई आणि बाई ती मोठ्याने वाचून दाखवत. महाविद्यालयात तीच सूचना काचेआड लागते आणि लागल्या क्षणी ती सर्वांनी वाचली, असे प्रशासन गृहीत धरते. हल्ली ती व्हॉट्सॲपवरही येते हे खरे, परंतु तेथे ‘कोणीतरी नोट्स पाठवा रे’ या आर्त हाकांखाली ती अर्ध्या तासात गाडली जाते. म्हणून परीक्षा अर्जाची अंतिम तारीख विलंब शुल्क भरताना कळू नये असे ज्याला वाटते, त्याने रोज एकदा फलकाचे दर्शन घ्यावे.

दुसरा विषय उपस्थितीचा. तासांना किमान ७५ टक्के हजेरी असावी, हा नियम विद्यार्थी उरलेले २५ टक्के ही हक्काची रजा आहे, अशा अर्थाने वाचतात आणि गणितात जेमतेम उत्तीर्ण झालेले विद्यार्थीही किती तास निर्धोकपणे बुडवता येतील, याचा हिशेब तोंडी करू लागतात. मित्राने परस्पर हजेरी लावण्याची ‘प्रॉक्सी’ ही प्रथा मोठ्या वर्गात तग धरते, मात्र प्रात्यक्षिकाच्या वीसजणांच्या तुकडीत ती पहिल्याच दिवशी उघडी पडते. सत्राच्या शेवटी अपुऱ्या हजेरीवाल्यांची ‘डिफॉल्टर’ यादी लागली की अनेकांना पूर्वलक्षी प्रभावाने टायफॉइड होतो आणि त्याची वैद्यकीय प्रमाणपत्रे एकाच आठवड्यात, बहुतांशी एकाच हस्ताक्षरात, सादर केली जातात. तासाला बसणे हा यापेक्षा कमी कष्टाचा मार्ग आहे, हे सहसा द्वितीय वर्षात उमगते.

तिसरा विषय श्रेयांकांचा, म्हणजे ‘क्रेडिट’चा. सामान्यतः १५ तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक मिळतो आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार एका वर्षात असे किमान ४० श्रेयांक जमवायचे असतात. या धोरणात मुख्य विषय म्हणजे ‘मेजर’, जोडविषय म्हणजे ‘मायनर’ आणि आपल्या शाखेबाहेरचा विषय म्हणजे ‘ओपन इलेक्टिव्ह’, अशी रचना आहे. विहित अटी पूर्ण करून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्रासह बाहेर पडण्याची सोयही तीत आहे. पूर्वी अशा विद्यार्थ्याला केवळ नातेवाइकांचे टोमणे मिळत. विषय निवडताना मित्राने काय घेतले, हा निकष सर्वमान्य असला तरी मैत्री पुष्कळदा दिवाळीपर्यंत बदलते आणि विषय मात्र परीक्षेपर्यंत टिकतो, याची नोंद घ्यावी.

एखाद-दुसऱ्या विषयात घसरल्यास ‘एटीकेटी’ असते. ‘अलाउड टू कीप टर्म्स’ या पूर्णरूपाचे हे लघुरूप असून, काही विषय शिल्लक ठेवून पुढच्या वर्गात जाण्याची मुभा, असा त्याचा अर्थ होतो. ती कर्जाच्या पुनर्गठनासारखी असते, म्हणजे तगादा थांबतो, मुद्दल कायम राहते.

सर्वाधिक व्यासंग मात्र कार्यालयाच्या खिडकीपाशी लागतो. विद्यार्थी याच महाविद्यालयात शिकतो असे सांगणारा ‘बोनाफाइड’ दाखला शिष्यवृत्तीपासून पासपोर्टपर्यंत कोठेही लागू शकतो आणि नेमका हवा त्या दिवशी सही करणारे साहेब मीटिंगला गेलेले असतात. तेव्हा प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे आणि स्वतःचे पेन घेऊन जेवणाच्या सुट्टीआधी रांगेत उभे राहावे आणि खिडकीपलीकडच्या व्यक्तीला अदबीने ‘काका’ किंवा ‘मॅडम’ म्हणावे. प्राचार्य बदलतात, पण ही व्यक्ती खिडकीपाशीच असते.

गुणपत्रिकेत न दिसणाऱ्या शिक्षणाचीही उपेक्षा करू नये. १९६३ साली पुण्यात सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमींत प्रथमवर्षीयाच्या वाट्याला बहुधा सेट उचलणे आणि चहा आणणे हीच भूमिका येते, तर राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात अनेकांची झाडूशी पहिली ओळख होते. दोन्ही ठिकाणी आपल्यावाचून कोणाचे अडत नाही आणि तरीही आपण उपयोगी पडू शकतो, हे एकदमच कळते, आणि ही जाणीव देणारा विषय अद्याप कोणत्याही अभ्यास मंडळाने मंजूर केलेला नाही.

या सर्वांचे सार इतकेच की प्रथम वर्षात निःसंकोच विचारावे, कारण अज्ञान क्षम्य मानले जाण्याचे ते एकमेव वर्ष आहे. ग्रंथालय कोठे आहे, हे एफवायच्या विद्यार्थ्याने विचारल्यास कोणीही आनंदाने दाखवते. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याला मात्र तेच विचारण्याची लाज वाटते, आणि म्हणून तो न विचारताच पदवीधर होतो.